पुलीवरची लाल रेघ

दोन वर्षांपूर्वी बेंगळुरूला मुलाच्या घरी जेवताना महादेवरावांनी एक अट मान्य केली. "ही गाडी चालते तोवर चालवा, अप्पा," शरत म्हणाला होता. "ही बंद पडली की दुसरी घ्यायची नाही. मग ऑटो." महादेवराव कानडीत "सरी" म्हणाले आणि ताकाची वाटी पुढे केली. गाडी तेव्हा उत्तम चालत होती.

ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. म्हैसूरच्या विजयनगरात राहतात. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते; ते स्वतः चौतीस वर्षे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९९९ साली घेतलेली पांढरी पेट्रोल गाडी त्यांच्याशिवाय कोणी चालवलेली नाही.

डिसेंबरात गाडी सुरू करताना फॅनबेल्ट किंचाळू लागला. महादेवरावांनी घरीच नवा बेल्ट घातला. आवाज पंधरा दिवस थांबला आणि परत आला. जानेवारीत बॅटरीचा दिवा लागू लागला, म्हणून अल्टरनेटर उघडून दुरुस्त करून घेतला. फेब्रुवारीत पुन्हा नवा बेल्ट. मार्चमध्ये देवराज मोहल्ल्यातून परतताना इंजिन तापून काटा लाल खुणेपाशी गेला, तेव्हा ते शहराबाहेर येलवालला पद्मनाभच्या गॅरेजात गेले. पत्नी वनजाबाई बरोबर होत्या. त्यांना तिथल्या एकमेव खुर्चीवर बसवण्यात आले.

पद्मनाभ कानडी बोलतो आणि घाई करत नाही. त्याने पुढचे चाक काढले, बेल्टवर बोट फिरवले आणि काळी पूड दाखवली. मग खालची मोठी पुली फडक्याने पुसली. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, टोकावरची ही पुली बेल्टने बाकी पुल्यांना फिरवते. ती एकसंध नसते; आतला लोखंडी भाग आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबर चिकटवलेले असते.

"सार, ही रेघ कोणी काढली?"

"मी. आयुधपूजेला."

महादेवरावांच्या घरात शस्त्राला कुंकू लावायचे ते पात्यावर नाही, पाते आणि मूठ जिथे जुळतात तिथे. तलवार केव्हाच गेली, पण रीत राहिली. पान्यांच्या जोडावर, शिलाई मशीनच्या जोडावर. कुंकू पाण्याने जाते म्हणून गाडीला ते लाल ऑइलपेंट वापरतात. ऑक्टोबरात पुलीवर त्यांनी आतल्या भागापासून रिंगपर्यंत एक सरळ रेघ ओढली होती.

"आत एक रेघ आहे," पद्मनाभ म्हणाला. "रिंगवर दोन आहेत. आणि एकही आतल्या रेघेसमोर नाही."

महादेवराव वाकून पाहू लागले. 

"रबर सुटलंय, सार. रिंग घसरतेय. आधी एकदा घसरली, तेव्हा कोणीतरी रेघ पुन्हा जोडून काढली. त्यानंतर परत घसरली."

"मीच काढली," महादेवराव म्हणाले. "डिसेंबरात. पहिला बेल्ट घालताना."

"का?"

"तुटलेली दिसली."

वर्कशॉपमध्ये नट आवळल्यावर त्यावरून एक रंगाची रेघ ओढत. रेघ तुटली म्हणजे नट हलला. चौतीस वर्षे ते अशा रेघा बघत आले. तुटलेली दिसली की काम थांबवायचे. पण ही रेघ पूजेची होती, आणि पूजेची खूण मोडलेली ठेवू नये एवढेच त्यांना सुचले. ब्रश आणून त्यांनी ती नीट केली.

"माझं कुंकू पुसट झालेलं कधी दिसलं नाही ह्यांना," वनजाबाई खुर्चीतून मराठीत म्हणाल्या. "पुलीचं दिसलं."

पद्मनाभला एवढी मराठी कळते. तो हसला. महादेवराव हसले नाहीत.

नवी पुली कुठेच मिळेना. कंपनीने ती बनवणे कधीच बंद केले होते. अकराव्या दिवशी बेंगळुरूच्या जुन्या सामानाच्या बाजारातून एक वापरलेली, पण रबर शाबूत असलेली पुली आली. जुनी काढायला पद्मनाभने लांब दांड्याचा पाना लावला आणि बोल्ट सहज फिरला. तीन महिने रिंग डुगडुगत होती. त्या हिसक्यांनी तो सैल झाला होता. पुली क्रँकच्या शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत एक लोखंडी पट्टी बसवतात, तिला 'की' म्हणतात. ती अर्धी झिजली होती आणि शाफ्टवरची खाच पसरट झाली होती.

"इंजिन उतरवून क्रँक बाहेर काढावा लागेल," पद्मनाभ म्हणाला. "झिजलेला भाग वेल्डिंगने भरून लेथवर घ्यावा लागेल. आणि ह्याची बेअरिंगं आता कोण देणार?"

"खाच रुंद झाली तर की रुंद करायची. मला कानस दे."

दोन दिवस महादेवराव सकाळी बसने येलवालला गेले आणि पद्मनाभच्या शिकंज्यात पोलादाचा तुकडा धरून तो घासत राहिले. खालची बाजू खाचेएवढी रुंद, वरची पुलीएवढी. दर काही ओढींनंतर ते तो खाचेत लावून बघत. तिसऱ्या दिवशी की खाचेत बसली. प्रकाशाची फटही दिसत नव्हती.

"अशी मला जमली नसती, सार," पद्मनाभ म्हणाला. ते खरे होते.

बोल्ट आवळला, बेल्ट चढवला, गाडी सुरू केली. पुली सरळ फिरत होती. दोघे वाकून बघत राहिले. आठ-नऊ मिनिटांनी इंजिन गरम झाले तसा रिंगचा काठ किंचित हलताना दिसू लागला, मग स्पष्ट. पद्मनाभने न विचारता इंजिन बंद केले.

"की बरोबर आहे. शाफ्टच झिजलाय. गोल राहिला नाही, पुली त्यावर धरत नाही."

"हं."

"घरापर्यंतसुद्धा नेऊ नका. वाटेत पुली निसटली तर पुढच्या चाकाजवळून बाहेर उडेल."

संध्याकाळी शरतचा फोन आला. गाडी झाली का, त्याने विचारले.

"बेल्ट चांगला आहे," महादेवराव म्हणाले.

"म्हणजे झाली?"

 वनजाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि शाफ्ट झिजल्याचे थोडक्यात सांगितले.  शरत म्हणाला, "बिडु अम्मा, जाऊ दे. मी शनिवारी येतो. कागदपत्रं काढून ठेवायला सांग."

वनजाबाईंनी निरोप दिला. कोणती कागदपत्रे, हे महादेवरावांनी विचारले नाही. ते उठले आणि कपाटातून गाडीच्या आरसी बुकाची फाइल काढून टेबलावर ठेवली.