समासातली नावं

हँडल उलटं फिरवताना ते डोळे मिटून घ्यायचे. आमच्या गणनयंत्राचं हँडल पुढे फिरवलं की बेरीज व्हायची आणि मागे फिरवलं की वजाबाकी. उत्तर आलं की आम्ही बाकीचे ते कागदावर उतरवून मोकळे व्हायचो. ते मात्र आलेलं उत्तर उलट्या फेऱ्यांनी पुन्हा शून्यावर आणायचे. शून्याच्या एक फेरा पलीकडे गेलं की मशीनमधली घंटी वाजते. ती ऐकली की डोळे उघडायचे.

"हां. आता लिव्हा."

आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. अकोल्याच्या आमच्या कचेरीत ज्वारी-कपाशीच्या नव्या वाणांचे आकडे यायचे, आणि कोणतं वाण ठेवायचं, कोणतं टाकायचं हे ठरवायला लागणारं गणित आम्ही गणक करायचो. भाऊ आमच्यात सर्वांत जुने. मॅट्रिक झालेले, हिवरखेडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. मी सर्वांत नवी, अमरावतीच्या राजापेठेतल्या वकिलांची मुलगी, सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत. मराठी आकडे लिहितानासुद्धा माझा हात अडखळायचा, त्यामुळे मी तोंड कामापुरतंच उघडायची.

"ताई, उलटं फिरवून पाह्यलं काय?" भाऊ रोज विचारायचे.

मी मान हलवायची.

"मानेची घंटी वाजत नाही, ताई."

भाऊंची एक जाडजूड वही होती. कोणतं गणित कसं सोडवायचं, ते त्यांनी तिच्यात पायरीपायरीने लिहून ठेवलं होतं, आणि सगळं कंसात. एका कंसात दुसरा, दुसऱ्यात तिसरा. "आतल्या कंसापासून सुरू करा, बाहेर या. रस्ता चुकत नाही." पहिल्या पानावर तीनच ओळी होत्या: ही वही कोणाची नाही, ज्याला हवी त्याने उतरून घ्यावी. चूक सापडल्यास समासात लिहून खाली नाव घालावं. उतरताना हे पान आधी उतरावं.

लोक खरोखरच उतरून घेत. अमरावतीच्या कचेरीत नवं मशीन आलं तेव्हा ते बसवून द्यायला भाऊ एसटीने गेले आणि वही तिथल्या मुलींपाशी आठवडाभर ठेवून आले. कोणीतरी म्हणालं, "भाऊ, एवढी मेहनत फुकट वाटून राहिले काय?"

"मंग काय लोणचं घालू तिचं?"

वहीत एक चूक होती आणि ती मला सापडली. प्रत्येक वाणाचे सहा वाफे असायचे, म्हणून सरासरी काढताना 'सहाने भागा' असं लिहिलं होतं. पण एका गावचा एक वाफा नाल्याच्या पुरात गेला होता. मी पाचाने भागलं आणि गप्प बसले.  शेवटी भाऊंनीच विचारलं, "तुमचं उत्तर येगळं कावून आलं?"

मी अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत सांगितलं. भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाप्पा! घरची वांगी डुकरं खाऊन जाते, अन् मलेच हे सुचलं नाही!" मग वही माझ्यापुढे सरकवली. "लिव्हा समासात. नाव टाका."

"नाव कशाला, भाऊ?"

"उद्या हे बी चुकलं तर शिव्या कोणाले द्याच्या?"

'वाफा गेला असेल तर उरलेल्या वाफ्यांनी भागावं.' माझ्या वाकड्या अक्षरातली ती ओळ, खाली माझं नाव. भाऊंनी ती लगेच अमरावतीच्या मुलींनाही पत्राने कळवली. त्या दिवशी घरी जाताना मी उगाच हसत होते, हे मला आठवतं. 

आमच्या साहेबांनी वही "दोन दिवसांसाठी" मागून नेली. महिन्याभराने सायक्लोस्टाइल केलेले कागद टेबलांवर आले, वर साहेबांचं नाव. पहिलं पान नव्हतं. कंस नव्हते. समासातलं एकही अक्षर नव्हतं. सोबत हुकूम आला: यापुढे काम याच कागदांवरून होईल, खाजगी वह्या कपाटात जमा कराव्यात. कपाटाची किल्ली साहेबांकडे.

माझा संताप झाला. नेहमीप्रमाणे आतल्या आत. हळूच म्हटलं, "भाऊ, तुमचं नाव कुठेच नाही."

"माह्यं नाव वहीत तरी कुठी होतं?" ते कागद उलटसुलट करत राहिले. "समास कुठी गेला, ताई? चूक सापडली तं माणसानं लिव्हावं कुठी?"

त्याच हंगामात हिवरखेडचे आकडे आले. एका ज्वारीच्या सहापैकी दोन वाफे गुरांनी खाल्ले होते. नव्या कागदात 'सहाने भागा' होतं, म्हणून कोणीतरी चार वाफ्यांचं उत्पन्न सहाने भागलं. ते वाण शेवटच्या नंबरावर गेलं आणि टाकून द्यायच्या यादीत बसलं. भाऊंनी चाराने भागलं. वाण पहिलं आलं. त्यांनी उलटं फिरवलं, घंटी ऐकली, आणि साहेबांच्या कागदाच्या कडेला जेमतेम बोटभर जागा होती तिथे चूक लिहिली. खाली, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचं नाव घातलं.

साहेबांनी दोघांना खोलीत बोलावलं. भाऊ उभे. मला खुर्ची. साहेब माझ्याशी इंग्रजीतच बोलायचे, आम्ही दोघं एका घरातली असल्यासारखं. त्यांनी विचारलं, वहीच्या समासातली, उरलेल्या वाफ्यांनी भागायची ती टीप कचेरीने कधी मंजूर केली होती का?

ती टीप माझी होती. बरोबर होती. एवढं बोलायला दोन वाक्यं लागली असती, तीही मला घरच्यासारख्या येणाऱ्या भाषेत.

मी म्हटलं, "नो, सर."

साहेब भाऊंकडे वळले. "ऐकलंत? वांग्यांचा बाजार नाही हा, ज्याने त्याने भाव सांगायला."

बाहेर आल्यावर भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोटं नाही बोल्ल्या तुमी. मंजूर नव्हतीच." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या द्यायला नाव तर होतं की माझं.

त्यांची बदली सेमाडोहला झाली, पावसाचं माप वाचायला. वीस वर्षं मशीन चालवलेला माणूस रोज सकाळी जंगलात एका नळीतलं पाणी मोजणार. निरोपाला साहेबांनी स्वतः हार घातला, नारळ दिला आणि भाषणात त्यांना "आज्ञाधारक" म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सहा महिन्यांत भाऊंनी नोकरी सोडली आणि हिवरखेडला जाऊन वांगी लावली. मी एक पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. साहेब पुढे बढतीवर गेले. ते कागद आमच्याकडे अजून चालतात, सहानेच भागतात.

गेल्या महिन्यात कामासाठी अमरावतीच्या कचेरीत गेले होते. एक अनोळखी मुलगी मशीनवर बसली होती. तिने उत्तर काढलं, मग डोळे मिटून हँडल उलटं फिरवायला लागली. घंटी वाजली तशी शेजारणीला म्हणाली, "हां, लिव्ह आता." भाऊंना तिने कधी पाहिलेलं नव्हतं.

तिच्या टेबलावर वहीची नक्कल होती. पहिलं पान जागेवर. समासात माझी ओळ कोणीतरी सुबक अक्षरात उतरून घेतलेली, खाली माझं नाव. पुढच्या पानांवर मला माहीत नसलेल्या मुलींची नावं.

मी पेन काढलं. साहेबांचं नाव लिहायला हात शिवशिवत होता. पण आपल्या चुकीखाली दुसऱ्याचं नाव घालायची सोय भाऊंच्या नियमात नाही.

माझ्या ओळीखाली लिहिलं, 'ही टीप बरोबर आहे हे मला माहीत होतं. विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही.' आणि नाव घातलं.