आबांची टाळी

आमच्या साखरा गावात तेलंगणातून आलेली सून एकच, ती म्हणजे माझी आजी. लग्न होऊन आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. पुढं भाकरी थापायला शिकली, ज्वारी काढायला शिकली, आमच्यापेक्षा खणखणीत शिव्या द्यायलाही शिकली. माहेरचं एकच सोडलं नाही, नवरात्रातली बतुकम्मा. ताटात तरवडाची, कुर्डूची, झेंडूची फुलं थरावर थर रचायची आणि संध्याकाळी बायकांनी त्याभोवती फेर धरून, टाळ्या वाजवत तेलुगू गाणी म्हणायची. घरादाराला सुख लागावं म्हणून.

आता बायका आणायच्या कुठून? गल्लीतल्या एकदा आल्या होत्या म्हणे, गाणी ऐकून फिदीफिदी हसल्या. आजीनं त्यांना तिथंच वाटेला लावलं. घरात बाईमाणूस म्हणजे ती आणि माझी आई. दोघींचा काय डोंबल फेर होतो! मग आजीनं फर्मान काढलं. फाटकाला कडी घालायची आणि माझे वडील, काका, मी, झालंच तर गावात ज्यांच्यापुढं कुणी मोठ्यानं खोकत नसे ते आमचे आबा, म्हणजे आजोबा, सगळ्यांनी फेरात यायचं. आबा कुरकुरत यायचे, पण यायचे.

त्या वर्षी काकाचं लग्न घरात सगळ्यांच्या जिवाला लागलं होतं. काका शेती करायचा, वय तिशीच्या पुढं. शेतकऱ्याला हल्ली पोरगी देतं कोण? सोयरे यायचे, पोहे चापायचे आणि गप होऊन जायचे. आजी तर रोज जेवताना बजावायची, "ह्याचे दोनाचे चार झाल्याबगर मी मरनार न्हाई, यमाला सांगून ठेवा!"

शिरड शहापूरचे सोयरे दसऱ्यानंतर घर बघायला येणार होते. आले नवरात्रातच, न सांगता. नेमकी कडी नीट बसली नव्हती. फाटक ढकललं तर अंगणात मिशाळ गडी फुलांच्या ढिगाभोवती वाकून टाळ्या वाजवून राहिलेले, तेही न कळणाऱ्या भाषेत गात. सगळ्यात पुढं आमचा नवरदेव, कंबर लचकवत. पोरीच्या बापाचं तोंड बघण्यासारखं झालं. पोरीचा मामा पुटपुटला, "भानामती-बिनामती हाये का काय हे!"

काकाचे हात हवेतच राहिले. गेलं, हेही स्थळ गेलं! मला तर रडूच आलं.

आजी लगबगीनं पुढं झाली. "माजा दोष हाये. मी तिकडची. आजपासून बंद करते हे. माज्या लेकराला नावं ठेवू नका." आणि तिनं ताट उचललं.

"ठेव ते खाली," आबा म्हणाले.

पोरीची आत्या आबांकडं टक लावून बघत होती. "आबा, ह्या वयात तुमी बी नाचून राहिले? काहून?"

आबा भडकलेच. "मंग? आपली मानसं, आपला मुलूख सोडून आली ती आमच्यासाठी. आन् तिनं एकटीनंच फिरावं व्हय?"

आत्यानं फाटकापाशी चपला काढल्या, पदर खोचला आणि भावाला म्हणाली, "आपल्या पोरीला टाळी चांगली येती." मग ती आबांच्या मागं फेरात येऊन उभी राहिली.

आजीनं पदरानं नाक पुसलं आणि आमच्यावर खेकसली, "पयल्यापासून म्हना आता! मगाशी समदे बेसूर गाऊन राहिले होते."