जर्मन पाहुण्याला वाघ बघायचा नव्हता

हॉलला कुलूप होतं आणि जर्मनीहून आलेला पाहुणा बाहेर पायरीवर बसून दुसरा चहा पीत होता. शेजारी पंचफुला कुबडी आडवी ठेवून बसली होती. मागे आणखी काही जण, कोणी लांजीकडचे, कोणी बिरसाकडचे, पहाटेची बस धरून आलेले. प्रत्येकाचा एक पाय अर्धा होता.

मी बालाघाटला कृत्रिम पाय बनवते. लोकांना वाटतं, पाय म्हणजे खालचं पाऊल. खरं काम वर असतं, सॉकेटचं. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कप. तो थोडा चुकला तरी कातडी सोलते. पंचफुलाची सोललीच होती. तिचा पाय मळणीयंत्रात गुडघ्याखाली गेला, आणि उरलेला भाग इतका आखूड की त्याचं सॉकेट मला एकटीला साधत नव्हतं. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा जखम झाली. ती गावच्या शाळेत पोरांचं जेवण रांधते. चुलीपुढे उभं राहता येत नाही, म्हणून शाळेने तिला सांगून टाकलं होतं की सुट्ट्या संपेपर्यंत बघू, नाहीतर दुसरी बाई लावू.

हा जर्मन पाहुणा, योखेन, अशाच आखूड पायांच्या कामातला जाणकार. स्वतःची रजा टाकून, एक पैसा न घेता आलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची गोंदियाहून गाडी होती. आमचा ओव्हन, व्हॅक्यूम पंप, प्लास्टरच्या गोण्या, सगळं त्या सरकारी हॉलमध्ये आदल्या दिवशीच ठेवलं होतं. सामान आत जाऊ दिलं, माणसाला मात्र परवानगी हवी, कारण माणूस परदेशी! अर्ज मी महिनाभर आधीच दिला होता.

मी तणतणत ऑफिसात गेले. बडे बाबू, म्हणजे तिथले मुख्य कारकून, खुर्चीत रेलले होते.

"या म्याडम! तुमचा जर्मन आला म्हन्ते?"

"आला. किल्ली द्या."

"काहून टेन्शन घेऊन राह्यल्या? पयले एक किस्सा ऐका. जर्मन बाबूले अर्ज द्या, तो घड्याळ पाह्यते. जपानी बाबू आधी माफी मागते. अमेरिकन बाबू बिल पाठवते. अन् आपला हिंदुस्तानी बाबू का म्हन्ते? उद्या या!"

सगळं ऑफिस हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस स्वतःच्या खोडीवर हसतो ते मला आवडतं. पण हे हसणं सोयीचं होतं. आम्ही हे असेच, आता तुम्हीही हसा आणि घरी जा, एवढाच त्याचा अर्थ.

"माझ्या अर्जाचं काय झालं?"

"झालं ना. जवाबसुद्धा आला." त्यांनी अभिमानाने एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'सफारी की बुकिंग ऑनलाइन होती है. आवेदक वेबसाइट पर आवेदन करे.'

मी तो दोनदा वाचला. "हे काय आहे?"

"म्याडम, आपल्या जिल्ह्यात विदेशी मानूस कायले येते? कान्ह्याचा वाघ पाह्याले. म्हनून मी फाइल बैहरले जंगलवाल्यायकडे मार्क केली."

"पहिल्या ओळीत कृत्रिम पाय लिहिलंय!"

"त्याच्याआधी विदेशी लिहेल हाये ना."

म्हणजे त्यांनी एक शब्द वाचला आणि बाकीचा माणूस स्वतःच तयार केला. गोरा आहे, मग वाघच. आता मंजुरीची नवीन नोटशीट लिहायची, तिच्यावर कलेक्टर साहेबांची सही घ्यायची. साहेब जनसुनवाईत बसलेले. "उद्या या," बडे बाबू म्हणाले, आणि स्वतःच्याच किश्शाची आठवण होऊन पुन्हा हसले.

बाहेर येऊन मी योखेनला सगळं सांगितलं. तो खो खो हसला. म्हणाला, माझ्या गावात गॅरेजचा दरवाजा रुंद करायच्या परवानगीला वर्ष गेलं. घड्याळ पाहणारा जर्मन म्हणावा, तर हा सकाळी झोपून राहिल्यामुळे तासभर उशिरा आलेला, चष्मा लॉजवर विसरून. शेवटी माझा चष्मा नाकावर चढवून त्याने पायरीवरच पंचफुलाचा पाय तपासला. हाड कुठे टोचतं, भार कुठे सोसतो, याच्या खुणा पेन्सिलने केल्या. का केल्या ते मला समजावलं. निम्मं काम तिथेच झालं.

पंचफुला सगळं ऐकत होती. "म्याडम, साहेब आज लोकाइचं ऐकून राह्यले न? चला मंग."

जनसुनवाई दर मंगळवारी असते. साहेब समोर बसतात, लोक रांगेत उभे राहून गाऱ्हाणी सांगतात. आमची पाळी आली तेव्हा बडे बाबू तिथेही हजर. साहेबांच्या कानाशी वाकून म्हणाले, "सर, जर्मन लोग घड़ी देखते हैं ना, इसलिए मैडम को जल्दी है." दोन-चार जण हसले.

पंचफुला कुबडीवर जरा पुढे सरकली आणि बडे बाबूंकडे वळली. "भाऊ, तुमी उद्या या म्हनता. उद्या हा गोरा चालला जाते. मंग मी कोनत्या पायानं येऊ?"

आमचा जिल्हा हिंदी राज्यातला, साहेबांना मराठी येत नव्हतं. मी हिंदीत सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही.

"चाबी कहाँ है?" साहेबांनी विचारलं.

चाबी बडे बाबूंच्या शर्टाच्या खिशात होती.

कुलूप निघालं, पण पाहुण्याची माहिती नव्याने नोंदवायची म्हणून त्याला दुपारभर ऑफिसात बसवून ठेवलं. त्याच्या खुणांवर प्लास्टर मी लावलं. साचा मी घासला. ओव्हनमधून मऊ झालेलं प्लास्टिक मी ओढून बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी योखेनने सॉकेटची एक कड थोडी तासली आणि मान डोलावली. पंचफुला उभी राहिली. भिंतीपर्यंत गेली, परत आली. कातडी पाहिली, कुठे लाल नाही. ती रडली, मीही रडले. योखेनने आणखी एका म्हाताऱ्याचं काम उरकलं, तोवर गाडीची वेळ झाली. बाकीचे सगळे जसे आले तसेच परत गेले.

बडे बाबू बघायला आले होते. "वा म्याडम! एकदम जर्मन काम!"

कुलपाने आला नव्हता एवढा संताप मला या कौतुकाने आला. "जर्मन काल तुमच्या टेबलासमोर बसून होता. हे काम मी केलंय. मी याच जिल्ह्याची आहे, तुमच्यासारखीच."

"हौ, पन फिनिशिंग पाहा ना!"

काम नीट झालं की जर्मन, अडलं की हिंदुस्तानी. मग आम्ही इथे राबणारे कोण? तेव्हापासून दुसरा कोणी परदेशी पाहुणा येणार असला की अर्जाच्या अगदी वर मी लिहिते, 'पाहुण्यास वाघ बघायचा नाही.' परवानगी वेळेत मिळते.

शाळा सुरू झाल्यावर पंचफुलाचा फोन आला. चुलीपुढे उभी राहून रांधते म्हणाली. मग विचारलं, "म्याडम, त्या दिवशी जे वापस गेले, त्यायचं का झालं?"

त्यांच्या पायांवर खुणा करायला योखेनच हवा, आणि त्याला पुन्हा रजा मिळायची आहे. तोवर त्यांचे फोन येतात. 'उद्या या' आता त्यांना मी म्हणते.