मोहाखालची आग

पोंभुर्ण्यात माझ्या घरासमोर तो भाड्यानं राहतो. चंद्रपूर शहरातला पोरगा. वणवा कसा पसरतो यावर संशोधन करतो. पुण्याच्या सुपरकॉम्प्युटरवर आमच्या जंगलाला खोटी आग लावायची आणि आपण ओट्यावर बसून चिवडा खायचा, हा त्याचा उद्योग. विचारलं की म्हणतो, "चालून राह्यलं, सर." मी शाळेत विज्ञान शिकवतो, मी बसलो की माझं काम बसतं. त्याचं मात्र दाढी करतानाही चालूच. जळफळाट होतो माझा.

मार्चमध्ये त्यानं मला त्या खोट्या आगीचा नकाशा दाखवला. जवळजवळ प्रत्येक मोहाच्या झाडाखालून वणवा सुटला होता. फुलं वेचण्याआधी बायका झाडाखालचा पाला जाळतात, एवढंच त्यानं ऐकलं होतं. मला पुढचंही ठाऊक होतं; माझी आई मोह वेचायची. तरी मी म्हणालो, "छान झालंय."

आठवड्यानं दारावर मोह विकायला आलेली बाई त्याला सहज म्हणाली, "आमी पयले भोवताल झाडून घेतो बापू, मंग जाळतो. आग बाहेर जात नाई."

तो मोठ्यानं हसला. "म्हणजे माहं सगळंच चुकलं, बाई!" आणि तिच्यासमोरच पुण्याला चालू असलेलं काम बंद केलं. वर्गात माझी चूक निघाली तर मी असा कधीच हसलो नाही.

काल त्यानं लेख दाखवला. आभारात त्या बाईच्या खाली माझं नाव.

"माझं कशाला?"

"रोज विचारत होते ना तुमी. माहीत असतं तं तुमीच पयले सांगितलं असतं, सर."