कॅरिअरवरच्या काकू

आख्खी सायकल खोलून पुन्हा जोडणाऱ्या आमच्या काकूंना सायकल चालवता येत नव्हती! कुंडलच्या कितीतरी पोरापोरींना त्यांनी दुरुस्ती शिकवली, पण स्वतः कधी सीटवर बसल्या नाहीत. त्या बसायच्या मागे, कॅरिअरवर, पदर खोचून. सायकल दुरुस्त झाली की तिच्यावरून काकूंना शाळेचा उतार उतरवायचा, हीच परीक्षा. "माजी हाडं तुज्या ब्रेकवर हायती," म्हणायच्या. मग कुणाची छाती होती ब्रेक ढिला ठेवायची?

त्यांच्या नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं. लग्न होऊन आल्यापासून पंक्चर काढता काढता त्या सगळं शिकल्या. नवरा गेल्यावर त्यांनी शाळेची एक रिकामी खोली मागून घेतली आणि "या रं, शिका," म्हणून दार उघडं टाकलं. गावानं अडगळीतल्या सायकली आणून दिल्या. जी ज्यानं चालती केली, ती त्याची. मी बारावीनंतर घरी बसले होते. माझ्या वाट्याला एक गंजकी लेडीज सायकल आली. काय सांगू, तिचं चाक पहिल्यांदा न डगमगता फिरलं तेव्हा मी ओरडलेच!

शिकवणी ब्रेकपासून सुरू व्हायची. "आदी थांबाय शिका, मग पळाय." गिऱ्हाईक आलं की, "पाना मागनं उचल, आदी त्याचं गाऱ्हाणं ऐक." उशिरा येणाऱ्याला दिवसभर नुसते बेअरिंगमधले बारीक छर्रे पुसायला लावायच्या. आम्ही चिडायचो, पण दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर.

मग शिरवळच्या एका कारखान्यात जुळणीच्या कामाला मुली हव्यात असं कळलं. काकूंनी मला मुलाखतीला पिटाळलं आणि माझी निवड झाली! आई राजी, वडील राजी. कच खाल्ली ती मीच. परक्या गावात खोली घेऊन राहायचं, ओळखीचं कुणी नाही. मी पळवाट काढली. "काकू, तुमी सायकल चालवून दाखवा, मगच मी जाते." वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. काकू हसल्या नाहीत. "ठरलं," म्हणाल्या.

त्यानंतर खोलीला संध्याकाळी लवकर कुलूप लागायला लागलं. एकदा काकूंच्या कोपरावर हळद दिसली. विचारलं तर म्हणाल्या, "दार लागलं."

जायच्या दिवशी एस्टी आली, वडिलांनी बॅग चढवली, पण माझा पाय पायरीवर पडेना. "काकूंनी कुटं शब्द पाळला? मी बी न्हाई जात," मी आईला म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात घंटी वाजली. माझीच लेडीज सायकल, आणि सीटवर काकू! हँडल नागमोडी, मागं पोरांचा आरडाओरडा. उभ्या गावाला थांबायला शिकवणाऱ्या काकू ब्रेक साफ विसरल्या आणि स्टँडसमोरून तशाच पुढे गेल्या. जाता जाता ओरडल्या, "बगतीस काय गं, चढ की एस्टीत!"

मी चढले. हसू आणि रडू एकदमच आलं. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, कंडक्टर "आवं मावशी, कडंनं!" म्हणतोय, पण काकू काही बाजूला होईनात. इतके दिवस त्या माझ्या मागे बसून उतार उतरल्या. त्या दिवशी मात्र गावाच्या वेशीपर्यंत काकू पुढे होत्या आणि मी मागे.