इंग्लंडचे थोर पुढारी

"आधी ढकला, मग बोला!"

लेस्टरला आमच्या भागात कुणाची गाडी चिखलात रुतली की असं ओरडत काका बाह्या सरसावून हजर. सत्तरीचे निवृत्त बसड्रायव्हर. घरी मात्र काकूंनी साधी खुर्ची सरकवायला सांगितली की यांची कंबर धरायची. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल.

हे वेड त्यांना एका फोटोनं लावलं. आमचं मराठी मंडळ दिवाळीला जवळच्या रग्बी क्लबचा हॉल घेई. तिथं भिंतीवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक खेळाडू होता. भरघोस मिशा, चुरगळलेला कान. आठवडाभर बुटांच्या कारखान्यात राबायचा आणि शनिवारी खेळायचा. खेळता खेळता थेट इंग्लंडच्या संघात गेला.

"फॉरवर्ड होता," काका सांगत. "घोळक्यात डोकं घालून ढकलायचं. पळणाऱ्याचं नाव झालं, याचा नुसता कान गेला." दरवर्षी काकांच्या तोंडी त्याचा एखादा सामना वाढे. काका आणखी जगते तर तो नक्की कॅप्टन झाला असता.

एका वर्षी क्लबनं ठरवलं, फोटो माळ्यावर टाकायचा आणि तिथं टीव्ही लावायचा. काकांना जेवण गोड लागेना. "जन्मभर ढकलत राहिला, आता त्यालाच ढकलून देणार?"

त्या दिवाळीला त्यांनी भाषणात फॉरवर्डचं सरळ मराठी केलं. "हे इंग्लंडचे थोर पुढारी!"

"कुठल्या पक्षाचे हो?" एका मावशींनी विचारलं.

पुढारी म्हटल्यावर आमच्या अध्यक्षांचे हात शिवशिवले. त्यांनी फोटोला हार घातला, उदबत्तीही लावली. क्लबची सेक्रेटरी दारातच थबकली.

"इज ही वन ऑफ युअर गॉड्स?"

"फॅमिली," काका गंभीरपणे म्हणाले. टीव्ही समोरच्या भिंतीवर गेला.

पुढे काकांच्या पंचाहत्तरीला क्लबनं त्याच फोटोशेजारी काकांचा फोटो लावला आणि मोठ्या प्रेमानं त्यालाही हार घातला! काकू किंचाळल्या, "अहो, काढा तो आधी!" काका हसून लाल. "राहू दे गं. ऑनर दिलाय त्यांनी. नंतर तुमची धावपळ वाचेल."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. धावपळ खरंच वाचली, पण तो हार आता बघवत नाही.

यंदा दिवाळीनंतर क्लबच्या मैदानात माझी गाडी रुतली. काकांच्या आठवणीनं मी सेक्रेटरीपाशी रडत उभी राहिले. तिचेही डोळे भरले होते. तिनं नाक पुसलं, बाह्या सरसावल्या आणि गाडीला खांदा लावला.

"आडी डकला," ती म्हणाली, "मग बोला."