तापणारं इंजिन आणि काकूची पूजा

आमच्या घरात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे बिघडलेलं काहीही माझ्यापुढे येतं. मिक्सर, आत्याचा गुडघा, आणि गेल्या नवरात्रात काकांची बोट.

काका शहराबाहेरच्या धरणावर सहलीच्या लोकांना बोटीतून फिरवतात. बोट ठेकेदाराची, इंजिन तिच्या पोटात. ते रोज तापत होतं. ठेकेदार संध्याकाळी स्वतः बसून बघणार होता; पुन्हा तापलं तर बोट दुसऱ्याच्या हाती जाणार होती.

"मिस्त्री कशाला?" काका म्हणाले. "घरचा इंजिनियर आहे ना!"

मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. इंजिन जास्त करून फळ्यावरच पाहिलेलं. "मला वाटतं... म्हणजे, नक्की नाही..." मी सुरुवात केली.

"नक्की नाही, तर कॉलेजात काय पोहायला शिकवतात?" काकूनं विचारलं. काठावर तिची चहाची टपरी आहे.

काकांनी इंजिन सुरू केलं. असं इंजिन धरणाचंच पाणी खालून ओढून थंड राहतं आणि ते धुराबरोबर मागच्या नळीतून बाहेर टाकतं. इथे नुसती वाफ येत होती. नळीला हात लावून बघितला.

"आई गं! काका, पाणी येत नाहीये."

"हे तर दिसतंच आहे रे! पुढे बोल."

इंजिन आणि पाणी आत घेणारी बोटीच्या तळाची झडप बंद करून पंप उघडला. आतली रबरी चक्री शाबूत होती. पंप पुन्हा लावला, मग पाण्याची गाळणी उघडली. आत झेंडू. ठासून भरलेला झेंडू, बेलाची दोन पानं आणि एक अर्धवट जळलेली वात.

काकूनं पदरानं तोंड पुसलं.

आमच्याकडे पूर्वी नवरात्रात तलवारी पुजायचे. तलवारी गेल्या, पूजा राहिली, आणि ती आता इंजिनाची होते. रोज सकाळी काकू इंजिनावर फुलं वाहायची. कालची फुलं कुणाच्या पायाखाली येऊ नयेत, म्हणून बोटीला लागूनच पाण्यात सोडायची. काकांनी इंजिन सुरू केलं की फुलं पाण्याबरोबर खालून आत. इंजिन तापलं की काकूला काळजी, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी फुलं.

"ज्याला वाहिली त्यालाच पोचली ना?" काकू म्हणाली.

"पोचली! घशात अडकली त्याच्या!" काका ओरडले.

मी गाळणी धुऊन बसवली, झडप उघडली. तेवढ्यात ठेकेदार पांढरा शर्ट घालून आला आणि थेट मागे, नळीजवळ वाकला. इंजिन सुरू झालं. नळी दोनदा खोकली आणि भसकन पाणी उडालं. त्याच्या छातीवर झेंडूची एक पाकळी चिकटली.

"ये क्या है?"

"सर, वो... फूल है," मी म्हणालो. "मतलब, शायद आख़िरी है."

"प्रसाद है, भैया!" काकू काठावरून ओरडली.

त्यानं पाकळी कपाळाला लावून खिशात ठेवली. पूर्ण फेरीभर तो नळीवर हात ठेवून बसला, आणि हात काढावा लागला नाही. उतरताना काकांना म्हणाला, "कल टाइम पे आ जाना."

दुसऱ्या दिवशी काकू फुलांची बादली घेऊन बोटीपाशी उभी. "इंजिनियर, ही कुठे रिकामी करू?"

"मला वाटतं... म्हणजे, त्या कडुलिंबाखाली..."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो, आणि तरी बादली तिच्या हातातून घेऊन स्वतःच गेलो.